'डिस्ट्रिक्ट मिडवाइफ' या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : १९५०च्या दशकात लंडनच्या ईस्ट एंड भागात घरोघरी जाऊन बाळंतपणे करणाऱ्या स्त्रियांवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. 'डिस्ट्रिक्ट मिडवाइफ'साठी मी 'जिल्हा सुईण' असे लिहिले, परंतु ते मलाच खटकते आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. येथे 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे जिल्हा नव्हे, तर एका मिडवाइफला सायकलवरून फिरून सांभाळता येईल एवढी, काही गल्ल्यांची किंवा दोनचार खेड्यांची, नेमून दिलेली हद्द. म्हणून 'जिल्हा' काढून टाकावा आणि 'वस्तीवरची' किंवा 'विभागातली' असे काही लिहावे.

'सुईण' हा 'सू' धातूवरून आलेला, 'प्रसूती' आणि 'सूतिका' यांच्या गोतातला जुना आणि मायेचा शब्द आहे, परंतु तो ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अनुभवातून शिकलेली, सनद नसलेली गावातली बाई उभी राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०२च्या कायद्याने मिडवाइफसाठी मध्यवर्ती मंडळ आणि नोंदवही आली. १९०५पासून नोंदणीशिवाय ही उपाधी लावणे बेकायदा ठरले, आणि १९१०पासून डॉक्टरांच्या देखरेखीविना, नेहमी व पैसे घेऊन बाळंतपणे करण्यासही नोंदणी नसलेल्या स्त्रीला बंदी झाली. पुढे १९३६च्या कायद्याने घरच्या बाळंतपणांसाठी पगारी मिडवाइफ मिळतील अशी व्यवस्था करणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी झाली, आणि ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर कुटुंबाला तिची फी द्यावी लागेनाशी झाली. आपल्या लेखातली स्त्री ही अशी पगारी, परीक्षा दिलेली, वेदना कमी करण्यासाठी गॅसचे यंत्र सोबत नेणारी आहे. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात रुळलेला 'प्रसाविका' हा शब्द तिला नेमका बसतो. 'दाई' मात्र टाळावा, कारण त्यात मूल सांभाळणारी, दूध पाजणारी हाही अर्थ आहे. मेवाडच्या राजपुत्राला सांभाळणारी पन्ना दाई आठवावी.

एक सूक्ष्म भेद अनुवादात सांभाळायलाच हवा, असे मला मनापासून वाटते. बाळंतपणाची सूत्रे डॉक्टरांकडे असली, की हीच स्त्री 'मॅटर्निटी नर्स' म्हणून काम करीत असे. तेथे 'परिचारिका' लिहावे. अन्यथा त्या बाळंतपणाची जबाबदारी कोणावर होती, हेच वाचकाला कळणार नाही.

दुसरे मत : 'प्रसाविका' मान्य आहे, परंतु 'सुईण' लेखातून हद्दपार करू नये. शेजारपाजारच्या अडल्या बाईला सोडवणारी, मृताला न्हाऊ घालणारीही, जी 'हँडीवुमन' इंग्रज वस्त्यांमध्ये असे, तिला 'सुईण' हाच शब्द शोभतो. शिवाय १९०२च्या कायद्याने, किमान वर्षभर हे काम करीत असलेल्या आणि चांगल्या चालचलणुकीच्या स्त्रियांना प्रशिक्षणाशिवायही नोंदवहीत घेतले होते. म्हणजे पुढे कित्येक वर्षे नोंदवहीत दोन्ही प्रकारच्या स्त्रिया होत्या, आणि 'नोंदणीकृत सुईण' हा प्रयोग त्यांच्यापैकी काहींसाठी अगदी खरा आहे. मूळ इंग्रजी शब्दातली 'वाइफ' ही सुईण नव्हे, तर बाळंत होणारी स्त्री. 'मिड' म्हणजे 'सोबत', जसे जर्मनमध्ये आजही 'मिट' आहे. 'बाईच्या सोबतीला असलेली' हा अर्थ मनात ठेवला, तर संवादात प्रसाविकेला नुसते 'बाई' म्हणणेही चालून जाईल.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. 'बुकिंग' आणि 'कन्फाइनमेंट' यांचे काय करावे?

उत्तर : 'बुकिंग'साठी आपल्याकडे 'नाव घालणे' हा घरगुती प्रयोग तयारच आहे : 'तिने प्रसाविकेकडे नाव घातले होते.' 'कन्फाइनमेंट'चा शब्दशः अर्थ कोंडून ठेवणे असला, तरी त्या काळच्या कागदपत्रांत तो साध्या 'बाळंतपणा'साठी येतो. त्याची अपेक्षित तारीख म्हणजे 'दिवस भरण्याची तारीख'. 'मंथली नर्स' आढळली, तर तिला प्रसाविका समजू नये. ती बाळंतिणीजवळ महिनाभर राहून आईची आणि बाळाची शुश्रूषा करणारी बाई होती, आणि आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या बाईशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.