तोरणमाळच्या तलावात ट्राउट सोडायचा का?

पांझराकाठ (पिंपळनेर), धागाकर्ता

आमच्या भटक्यांच्या गटावर सध्या एक प्रस्ताव फिरतोय. तोरणमाळच्या यशवंत तलावात आणि सातपुड्यातल्या दोन-चार ओढ्यांत ट्राउट मासा सोडायचा, फ्लाय फिशिंग (नकली माशीच्या गळाने मासे पकडणं) सुरू करायचं, म्हणजे कुलू-काश्मीरला जाणारा पर्यटक नंदुरबारकडे वळेल. लोकांनी भराभर पाठिंबा दिला. माझा विरोध आहे. फ्लाय फिशिंगला नाही, ट्राउटला. या दोन गोष्टींची गल्लत होतेय म्हणून हा धागा काढतोय.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. इंग्रजांनी स्वतःच्या हौसेसाठी त्याची अंडी बोटीने आणली. काश्मीरमध्ये १९०० साली तो रुजला, पुढच्या काही वर्षांत कुलूकडे आणि निलगिरीत गेला. निलगिरीत टिकला, कारण तिथलं ट्राउटचं पाणी दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंचावर आहे. तोरणमाळ साडेअकराशेच्या घरात. पाणी विशीच्या वर तापलं की ट्राउट अडचणीत येतो, पंचविशीला त्याचा जीव जातो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. आपल्याकडचा वैशाख आठवा आणि सांगा, यात ट्राउट कुठे बसतो?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त जिव्हाळ्याची आहे. फ्लाय फिशिंग म्हणजे ट्राउटच पकडायचा असं कुठे आहे? साध्या गळात आमिषाचं आणि शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे आमिषाला वजनच नसतं. गळाच्या आकड्यावर दोऱ्याने पीस किंवा केस गुंडाळून माशी, नाकतोडा, अळी असं काहीतरी बांधलेलं असतं. वजन असतं ते जाड दोरीला. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे न्यायची. घाई केली की चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. पांझरेवरच्या फडाच्या (सामायिक सिंचनाच्या) बंधाऱ्याखाली ऑक्टोबरमध्ये पाणी निवळतं, तेव्हा सांडव्याच्या फेसाला लागून संथ पाण्याची एक पट्टी दिसते. मासे तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात, कारण मेहनत कमी आणि खाणं वाहत समोर येतं. माशी त्या पट्टीच्या वरच्या टोकाला पडली आणि दोरीने न ओढता पाण्याच्याच वेगाने खाली आली, तरच मासा उठतो. हे पाणी वाचणं आपल्या नदीवर, आपल्या माशांवर शिकता येतं. पकडलेला मासा परत सोडायचा, म्हणजे तोही वाचतो.

आणि मासा बाहेरून आणून सोडला की मासेमारी सुधारते, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने १९७४ पासून नद्यांत ट्राउट सोडणं बंद केलं, कारण मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात दिसलं की पाळीव मासे सोडणं थांबवल्यावर नदीतले जंगली ट्राउट वाढले. ट्राउटच्या पंढरीत हा निर्णय झाला. आपण उलट्या दिशेने का निघालोय?

---

रीळवाला (मूळ जळगाव, सध्या चंदीगड)

भाऊ, नदीचं वर्णन मनापासून पटलं. विरोध पटला नाही.

मी हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात दरवर्षी जातो. तिथे होमस्टे चालतात, गावातली पोरं गाइड झाली, नदीत जाळं किंवा सुरुंग टाकणाऱ्याला गावच अडवतं. हे सगळं एका परक्या माशाच्या जिवावर झालंय. ब्राउन ट्राउट तिथला नव्हता, पण आज तीर्थन राखायला लोक उभे राहतात त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा मान्य. पण बारा महिने मासा जगायलाच हवा असं कोण म्हणतं? टेक्सास काही थंड प्रदेश नाही. तिथलं सरकार दर हिवाळ्यात शहरांतल्या तळ्यांमध्ये रेनबो ट्राउट सोडतं, लोक थंडीभर पकडतात आणि खातात, उरलेला उन्हाळ्यात संपतो. म्हणजे तो पसरण्याची भीतीही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी तोरणमाळला हेच का नको? पर्यटक त्याच दिवसांत येतो. मुलांच्या हातात मोबाइलऐवजी रॉड येईल. मरळ-शिंगाड्यासारख्या आपल्याकडच्या माशांवर फ्लाय शिकवणं अवघड आहे, सोडलेला ट्राउट नवशिक्याच्या माशीवरही येतो. सुरुवात सोपी असली तरच माणूस टिकतो.

---

बोटुकली (धुळे जिल्हा)

आमची मच्छीमार सोसायटी आहे, एक लहान धरण ठेक्याने घेतलेलं आहे. तुम्ही दोघंही पाण्याकडे शौकाच्या बाजूने बघताय, आम्ही पोटाच्या बाजूने बघतो. राग मानू नका.

पावसाळ्यात पाणी चढलं की आम्ही कटला, रोहू, मृगलची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतो. पैसे रोख मोजावे लागतात. हिवाळ्यात तो मासा वितीएवढाही नसतो. रीळवाले भाऊ नेमक्या त्याच महिन्यांत पाण्यात शिकारी मासा सोडा म्हणताहेत. ट्राउट लहान मासे खातो ना? मग आमचं बियाणं कोणाच्या पोटात जाणार? यशवंत तलाव वेगळा, असं म्हणाल. पण एकदा तिथे चाललं की पुढच्या वर्षी लाटीपाडा धरणाला मागणी येईल, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या धरणाला.

वाहतुकीचाही विचार करा. आमची बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत काही तासांच्या वाटेवरून आणतानाही निम्मा जीव गाडीत असतो. पहाटे पोचलो तर ठीक, ऊन झालं की पिशवीत मासे पोट वर करतात. कुलूहून जिवंत ट्राउट इथवर बर्फाच्या पाण्यात आणायचा खर्च कोण देणार? दिलाच, तर तेवढ्या पैशांत आमच्या किती सोसायट्यांचं बीज येईल?

आणि पांझराकाठ दादा, मासा पकडून परत सोडायचा हे आमच्या माणसांना समजावता येणार नाही. आमच्या घरी मासा म्हणजे जेवण. दिवसाचं तिकीट लावा, दोन मासे घरी न्या, तिसरा सोडा, असं काही असेल तर सोसायटी बोलायला तयार होईल. गळवाला माणूस दिवसभर काठावर बसला तर रात्री जाळं चोरून टाकणाऱ्यावर नजर राहते, एवढा फायदा मला दिसतो.

---

प्राणिशास्त्र शिकवते (जळगाव)

रीळवाला, टेक्सासचं उदाहरण बरोबर आहे, पण त्याला "भीती नाही" हे शेपूट जोडू नका. रेनबो आणि ब्राउन हे दोन्ही ट्राउट जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहेत, आणि ती यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाची आहे. त्याच यादीत आपली मोझांबिक तिलापियाही आहे, जी १९५२ साली भारतात चांगल्या हेतूनेच आणली होती. आज तापी खोऱ्यात जाळं टाका, चिलापी, म्हणजे हीच तिलापिया, येतेच. थाई मागूर या परक्या माशावर २००० साली बंदी आली, तरी तो अजून तळ्यांत सापडतो. पाण्यात सोडलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही. इंग्लंडमध्येही आता नदीत ब्राउन ट्राउट सोडायचा तर तो वंध्य केलेला किंवा त्याच नदीच्या वंशातला लागतो, आणि तो तर त्यांचा स्वतःचा मासा आहे.

ट्राउट सोडून द्या, देशी मासा सोडतानाही काय होतं ते कावेरीत दिसलं. तिथला कुबडा महाशीर जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. कावेरीत आपल्या कृष्णेकडचा निळ्या पराचा महाशीर वर्षानुवर्षं सोडला गेला. मासा वाढावा हाच हेतू. कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या गळाच्या शिबिराच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर निळ्या पराच्या महाशीरची संख्या प्रचंड वाढलेली आणि कुबडा जवळपास गायब. २०१८ साली त्याला शास्त्रीय ओळख मिळाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

पांझराकाठ, तुम्हालाही एक सांगायचंय. "पकडून सोडला म्हणजे मासा वाचला" हे गरम पाण्यात लागू होत नाही. झुंजलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि गरम पाण्यात तोच कमी असतो. मोंटानाचं नाव घेतलंत म्हणून त्यांचाच नियम सांगते. पाणी सलग तीन दिवस २३ अंशांवर गेलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद. आपले मासे गरम पाण्याला सरावलेले आहेत हे खरं, तरी मार्च ते जून गळ घरीच राहिला पाहिजे. आणि पावसाळ्यात मरळ पिल्लं राखते तेव्हाही. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर फिरतो आणि आईबाप त्याच्या खाली असतात. ते कशावरही झडप घालतात म्हणून लोक नेमका तेव्हा गळ टाकतात. आईबाप गेले की थवा दोन दिवसांत इतर मासे संपवतात. मग तुमच्या हंगामात उरलं काय? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेवढ्यावर समाधान असेल तर मी तुमच्या बाजूची.

---

गिरणामाय (चाळीसगाव)

नदीले पानी नही, तठे मासा कसा जगी?

गिरणेची वाळू रात्रंदिवस उपसली जातेय. वाळू गेली की डोह जातात, डोह गेले की उन्हाळ्यात माशाला आसरा नाही. ट्राउट की मरळ हा वाद नंतर करा. आधी वाळूवर बोला.

---

उदई (धडगाव)

मी नर्मदेच्या बाजूचा. आमची गावं सरदार सरोवरात बुडाली. वाहती नदी गेली, तिचं तळं झालं. महाशीरला खडकाळ, वाहतं पाणी लागतं. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमासा केलं, पण त्याची नदी धरणांच्या मालिकेत अडकली. आता त्या फुगवट्यावर आमचे लोक मच्छीमार सोसायट्या करून जगायला बघतात.

तुम्हा सगळ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न राहून गेलाय. ओढा कोणाचा? आज माझा लहान भाऊ ओढ्यात हाताने, टोपलीने मासे धरतो. उद्या तिथे तिकीटवाले गळकरी आले की तोच "चोरटी मासेमारी" करणारा ठरेल. कावेरीच्या शिबिरांत गावातल्या लोकांना गाइड म्हणून घेतलं हे चांगलंच. पण पुढे अभयारण्यात गळ टाकायला बंदी आली, शिबिरांतली मासेमारी थांबली आणि ती कामंही गेली. नदीवरचा निर्णय आमच्या डोक्यावरून झाला की असंच होतं.

रीळवाले दादा, तीर्थनच्या गावांनी नदी राखली, मान्य. तिथे होमस्टे गावकऱ्यांचे आहेत. तोरणमाळला हॉटेल कोणाची होतील ते तुम्हीच सांगा. ग्रामसभेने ठराव केला, परवाना ग्रामसभेने दिला, पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले, तर मी गळाच्या बाजूने बोलेन. ट्राउटच्या बाजूने तरीही नाही.

---

रीळवाला

उदई, ग्रामसभेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी त्याविरुद्ध कधीच नव्हतो.

पण मॅडम, कावेरीच्या ज्या नोंदींवर तुम्ही मासा सोडण्याला दोष देताय, त्या नोंदी ठेवल्या कोणी? गळवाल्यांनी. प्रत्येक माशाचं वजन, जात, तारीख लिहून ठेवणारे ते लोक नसते तर कुबडा महाशीर संपत चाललाय हे कळलंच नसतं. आणि लोक तिथे येत होते ते मोठा मासा मिळण्याच्या आशेने. पांझरेच्या वीतभर चंदेरी माशांसाठी कोण येणार? पर्यटक नाही, तर तिकीट नाही, तर राखण नाही. माझं म्हणणं कायम आहे: ओढ्यात नको, यशवंत तलावात नको, ठीक. सिमेंटच्या बंदिस्त टाकीत, नदीशी संबंध नसलेल्या पाण्यात, एक हिवाळा करून बघा. त्यात धोका काय?

---

पांझराकाठ

बंदिस्त टाकीत धोका कमी आहे, पण नदीही नाही. टाकीत प्रवाह नाही, फेसाची पट्टी नाही, माशाने उभं राहायची जागा निवडणं नाही. तिथे दोरी फेकायला शिकता येईल, आणि ती धुळ्याच्या मोकळ्या मैदानावर टोकाला लोकरीचा तुकडा बांधूनही शिकता येते. त्यासाठी कुलूहून गाडी कशाला?

पर्यटक नाही आला तर नाही आला. मला आधी पिंपळनेर-साक्रीची पोरं काठावर हवी आहेत. मॅडमनी सांगितलेला हंगाम मी घेतो, मार्च ते सप्टेंबर गळ बंद. बोटुकली भाऊंचा "दोन न्या, तिसरा सोडा" हा नियमही घेतो. आकडा बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा दात नसलेला, कारण तो नसला की मासा पाण्यातच सुटतो, हातात घ्यावाच लागत नाही. घ्यायचाच झाला तर हात ओले करून, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथून बुरशी धरते. आणि कावेरीसारखी वही, प्रत्येक माशाची नोंद असलेली. गिरणामाय, त्या वहीत पाण्याची पातळी आणि वाळूचे ट्रॅक्टरही लिहू. तक्रार द्यायला तारीखवार नोंद लागतेच.

---

बोटुकली

वही चालेल. सोसायटीच्या बैठकीत विषय ठेवतो, बाकीचे सभासद काय म्हणतील ते सांगता येत नाही. पण परवान्याचे पैसे आधी ठरवा, आणि जाळी लावलेल्या भागात गळ टाकायचा नाही हे लेखी द्या. गेल्या हंगामात कोणाचा तरी आकडा आमच्या जाळ्यात अडकला होता, सोडवता सोडवता पोराच्या बोटात घुसला.

---

रीळवाला

नोव्हेंबरमध्ये जळगावला येतोय. माझ्याकडे फ्लाय फिशिंगचे दोन जुने रॉड आहेत, पोरांना देऊन टाकतो. ट्राउटवर माझं मत बदललेलं नाही, टाकीचा प्रस्ताव मी वेगळा लिहून टाकणार आहे. उदई, तो तुमच्या ग्रामसभेकडे आधी पाठवू का?

---

उदई

पाठवा. मराठीत लिहा आणि खर्चाचा आकडा पहिल्या पानावर टाका.