शब्दचर्चा : ‘अतिवृष्टी’ म्हणजे नेमका किती पाऊस?

प्रश्न : पावसाळ्यात पेपरच्या एकाच पानावर ‘मुसळधार’, ‘अतिवृष्टी’, ‘ढगफुटीसदृश’ असे सगळे शब्द भेटतात. यांत काही पायऱ्या आहेत, की बातमीदाराला जो सुचेल तो शब्द? गावाकडे शेतात गुडघाभर पाणी आणि तलाठी म्हणतात, ‘अतिवृष्टीची नोंद नाही’. हे कसं?

उत्तर १ : पायऱ्या आहेत, पण दोन खात्यांच्या दोन तऱ्हा. हवामान विभाग 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी पडला तर जोरदार म्हणतो, 115.6 ते 204.4 अतिजोरदार, आणि त्यावर तिसरी पायरी. बातम्यांत ‘अतिवृष्टी’ बहुधा या तिसऱ्या पायरीला म्हणतात. महसूल खात्याच्या कागदावर मात्र मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमी ओलांडले की अतिवृष्टी, आणि पंचनाम्याची बोलणी त्यावर चालतात. म्हणजे वेधशाळेची पहिली पायरी तीच तहसीलची अतिवृष्टी.

मिमी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. पाणी मुरलं नाही, वाहिलं नाही, जागच्या जागी साचलं, तर त्याची जी उंची भरेल ती. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. 65 मिमी पाऊस एकरभर रानात सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी ओततो. सखल वावरात वरच्या बांधांचंही पाणी उतरतं, त्यामुळे 50 मिमीतही तिथे गुडघाभर साचू शकतं. तलाठ्यांची नोंद आणि तुमचं शेत, दोन्ही खरं.

शिवाय पाऊस मोजला जातो तो पर्जन्यमापक आहे तिथला. सह्याद्रीच्या पायथ्याशी तर दोन कोसांत चित्र पालटतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, त्याच 24 तासांत कुलाब्याला शंभरीसुद्धा गाठली नाही. शहर एकच!

उत्तर २ : एक भर घालतो. दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. आज सकाळी 8:30 ला वाचलेला आकडा कालच्या साडेआठपासूनचा असतो. रात्री दोनपासून सकाळी अकरापर्यंत झोडपलं, तर तो पाऊस दोन दिवसांच्या खात्यात विभागला जातो आणि कधीकधी एकाही दिवशी 65 भरत नाही. तक्रार करण्याआधी हे तपासून बघा.

‘ढगफुटी’बद्दल माझं मत कडक आहे. तासाला 100 मिमी, तेही लहानशा क्षेत्रावर, अशी त्या शब्दाची अट आहे. तासाभराचा आकडा हाती नसताना ‘ढगफुटीसदृश’ लिहून मोकळं होणं बरोबर नाही. लोक घाबरतात, आणि खरी ढगफुटी होते तेव्हा सांगायला शब्द उरत नाही.

उत्तर ३ : ‘अतिवृष्टी’ हा शब्द मिलिमीटरच्या कितीतरी आधीचा. संस्कृतात पिकावर येणाऱ्या सहा ‘ईती’, म्हणजे संकटं, सांगितल्या आहेत : अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर येऊन ठेपलेले राजे. पीक बुडवील एवढा पाऊस, हा त्याचा मूळ रोख. त्यामुळे महसूल खात्याने तो नुकसानीशी जोडला हे मला उलट योग्य वाटतं.

प्रश्नकर्ता : मग आमच्याकडची ‘झड’ कुठे बसते? चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, रोज वीस-तीस मिमी, सोयाबीन पिवळं पडतं. अतिवृष्टी एकाही दिवशी नाही.

उत्तर १ : तीच तर खरी अडचण होती. 24 तासांच्या मापात झड सापडतच नाही. मुळांना हवा मिळत नाही, पीक उभ्याने जातं, आणि नोंद मात्र साधारण पावसाची. राज्य सरकारने 2023 मध्ये ‘सततचा पाऊस’ ही वेगळी नैसर्गिक आपत्ती मानली, ती यासाठीच. अर्ज लिहिताना ‘अतिवृष्टी’ न लिहिता ‘सततच्या पावसामुळे’ असं लिहा, आणि मंडळाचे त्या सगळ्या दिवसांचे आकडे सोबत जोडा.