भिंतीतल्या कपाटात ऑफिस बसवायचं आहे, कोणी केलं आहे का?

मनीषनगरवाली:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. नागपूरला मनीष नगरात आमचा टूबीएचके आहे, माझी कंपनी पुण्याची आणि काम पूर्ण घरूनच, मिस्टरांचं ऑफिस मिहानला पण आठवड्यातून दोनदा तेही घरी. हॉलमध्ये सासूबाईंच्या सिरियल आणि मुलाची ट्यूशन, तिथे कॉल घेणं शक्यच नाही. सध्या डायनिंग टेबलवर बसते आणि जेवायची वेळ झाली की लॅपटॉप, चार्जर, वह्या सगळं उचलून पलंगावर, मग परत आणा, वैताग आला आहे नुसता. छोट्या बेडरूममध्ये भिंतीतलं लाकडी कपाट आहे, आधीच्या मालकाने बनवलेलं. ४ फूट रुंद, आतून खोली २२ इंच, वर लॉफ्ट. मधोमध उभं पार्टिशन, एकीकडे हँगर, दुसरीकडे कप्पे, खाली दोन ड्रॉवर. त्यातले निम्मे कपडे कोणी घालतच नाही, लग्नातल्या साड्या आणि ह्यांचे दोन कोट. म्हटलं ते रिकामं करून आत टेबल बसवावं, काम झालं की पल्ले बंद, पाहुणे आले तरी खोली आवरलेली. पलंग आणि कपाट यांच्यात साधारण ३ फूट जागा आहे. मिस्त्री म्हणतो "होऊन जाईल ताई", पण तो सगळ्यालाच होऊन जाईल म्हणतो. आधी काय काय पाहून घ्यावं?

लकडगंजचा भाऊ:
ताई, होते. पण आधी ते मधातलं पार्टिशन पाहा. आमचा प्लायचाच धंदा आहे, रोज हेच पाहून राहिलो. लोकं काय करते, जागा मोठी दिसावी म्हणून पार्टिशन सरळ कापून टाकते, अन् मग लॉफ्टची फळी मधातून झोल खाते, वरचे पल्ले घासाले लागते. लॉफ्टवर तुमच्या गाद्या, सुटकेसी, दिवाळीचे डबे असतीनच. खालून अर्धंच कापा म्हणणारे पण भेटतीन, त्याचं ऐकू नका, तो सगळा भार मग टेबलावर येते.

माझं ऐकान तर पार्टिशन काढू नका, सरकवा. ४ फूट म्हणजे ४८ इंच, त्यातले १५ एका बाजूले सोडा अन् ३२ टेबलाले घ्या, उरलेल्या एका इंचात पार्टिशन. ३२ इंचात माणूस हात पसरून बसू शकते, २ फुटात कोपरं आपटते. लॉफ्टले टेका राहते अन् १५ इंचाच्या खणात प्रिंटर, फायली, नाहीतर मिस्टरांचे कोट पण राहतीन. टेबलाची फळी १९ एमएम प्लायची, बीडब्ल्यूआर ग्रेड, म्हणजे ओलावा सोसणारी, पुरे. मागे बाथरूमची भिंत असली तरच ७१० वाली मरीन, म्हणजे पाण्याले जास्त टिकणारी प्लाय घ्या, नाहीतर फालतू पैसे. पार्टिकल बोर्ड मात्र नको म्हणजे नकोच. मागून भिंतीत लाकडी पट्टी ठोकून फळी तिच्यावर टेकवा अन् समोरून खालच्या बाजूने दीड इंचाची उभी पट्टी मारा, वाकणार नाही.

त्रिमूर्तीनगरकर:
भाऊंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो, गुडघे. दोन्ही ड्रॉवर काढावे लागतील, त्यात दुसरा विचारच नाही. एक ठेवू म्हणाल तर खुर्चीत तिरपं बसावं लागतं आणि मग पाठ बोलते. आमच्याकडे हॉलमधल्या शोकेसचं असं ऑफिस केलं तेव्हा मिस्त्री डोळे झाकून ३० इंचावर फळी मारायला निघाला होता, कारण सगळे तेवढीच मारतात म्हणे. तुम्ही आधी स्वतःच्या खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकलेले, हात कोपरात काटकोनात, आणि जमिनीपासून कोपराची उंची मोजून घ्या. ५ फूट २ इंचाच्या बाईला २६-२७ इंच पण पुरते. कीबोर्डचा सरकता ट्रे मिस्त्री सुचवेलच, तो टाळा, चॅनलसकट तीन-चार इंच गुडघ्यावर येतो. त्यापेक्षा मॉनिटर भिंतीला लावा म्हणजे २२ इंचात समोर कीबोर्डला भरपूर जागा राहते. फक्त ब्रॅकेट पाठच्या प्लायला नाही, प्लायमधून आरपार विटेच्या भिंतीत फास्टनर टाकून. पाठीची प्लाय बहुतेक ६ एमएम असते, तिच्यात स्क्रू धरतच नाही.

आता खरा प्रॉब्लेम, उन्हाळा. मार्च लागला की कळेल. तुम्ही कपाटात तोंड घालून बसणार, तीन बाजूंनी लाकूड, वर लॉफ्ट, आणि कूलरची हवा तुमच्या पाठीवर आदळून परत जाणार, तोंडाला वारा शून्य. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा त्या खोक्यात लॅपटॉपचा पंखा आणि तुम्ही, दोघंही धापा टाकता. मी वरच्या शेल्फखाली यूएसबीचा छोटा पंखा लावला आणि पाठच्या प्लायला खाली आणि वर भोकं पाडून घेतली. तुमची प्लाय भिंतीला चिकटून असेल तर तिथे उपयोग नाही, मग पल्ल्यांना जाळी मारा. कूलरच्या ओलाव्याने उघड्या कडा फुगतात, म्हणून सगळ्या कडांना पट्टी, ज्या दिसत नाहीत त्यांना पण.

ऑरेंजसिटी_मुलगा:
एवढी तोडफोड काहून करता हो? भिंतीला घडीचं टेबल मारा, दोन ब्रॅकेट, एक फळी, संपलं. दुपारी लावा, रात्री पाडा. कपाट राहू द्या ना कपाट.

मनीषनगरवाली:
@ऑरेंजसिटी_मुलगा भाऊ, एका भिंतीला खिडकी आणि तिच्यातच कूलर, दुसरीला दार, तिसरीला पलंगाची पाठ. घडीचं टेबल मारायचं तर छताला मारावं लागेल 😅 आणि मॉनिटर, हेडफोन, नोट्स रोज उचलायचे असतील तर डायनिंग टेबल काय वाईट आहे?

@लकडगंजचा भाऊ, सरकवायची आयडिया एकदम आवडली, हे मिस्त्रीच्या तोंडून आलंच नसतं. पण पल्ल्यांचं काय करू? २-२ फुटाचे दोन आहेत, उघडले की खुर्चीच्या दोन्हीकडे उभे राहतात. आणि लाइटचा पॉइंट आत नाहीच आहे.

लकडगंजचा भाऊ:
बिजागरी बदला. १६५-१७० डिग्रीची येते, पल्ला पूर्ण मागे जाऊन बाजूच्या भिंतीले टेकते. पण कपाट दोन भिंतींच्या मधात फसलं असलं तर ते जमत नाही, मग पल्ल्याचे उभे दोन भाग करून पियानो बिजागरीने, म्हणजे वरून खालपर्यंत एकच लांब बिजागरी असते तिनं, घडीचा करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे टेबलाकडचा पल्ला काढून पडदा. दिसाले बरा दिसते अन् हवा पण जाते. दुसरा पल्ला सुताराकडून कापून १५ इंचाच्या खणाले लावून घ्या.

वायरिंगवाला_सदर:
पॉइंटबद्दल मी बोलतो. आत एक्स्टेन्शन बोर्ड खिळ्याला टांगू नका, लोक हमखास तेच करतात. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर ३०च्या आसपास, राउटर १०-१५, म्हणजे लोड काहीच नाही, भीती लोडची नसते, ढिल्या प्लगची असते. ढिला प्लग तापतो आणि मागे लाकूड. बोर्डातून अर्थिंगसकट वेगळी लाइन ओढा, फळीच्या वर ६ अँपिअरचे चार सॉकेट. उन्हाळ्यात लाइट जातेच, तर तीच लाइन इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर नेमकं मीटिंगमध्ये अंधार. पल्ले बंद करायच्या आधी लॅपटॉप शटडाउन आणि स्विच ऑफ, चार्जिंगला लावून कपाट बंद करायचं नाही. राउटर आत ठेवलं तरी लाकडातून रेंज येते, पण पल्ल्याला मोठा आरसा असेल तर बाहेर ठेवा. लोखंडी कपाटवाल्यांनी तर विचारच करू नये.

आणि एलईडी पट्टी शेल्फच्या समोरच्या कडेखाली लावा, पाठीमागे नाही. मागे लावली की व्हिडिओ कॉलवर प्रकाश चेहऱ्याऐवजी मॉनिटरच्या पाठीवर.

त्रिमूर्तीनगरकर:
व्हिडिओ कॉलवरून आठवलं, तुमच्या मागे पलंग दिसणार आहे. रोज चादर नीट करावी लागेल हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

मनीषनगरवाली:
हे सांगून झालं, हसले फक्त.

तर पार्टिशन सरकवून ३२ आणि १५, दोन्ही ड्रॉवर बाहेर, टेबलाला पडदा, वेगळी लाइन इन्व्हर्टरवरून. कोपराची उंची मोजली, २६ आली. मिस्त्री रविवारी येतोय. एकच राहिलं, त्या साड्या कुठे जातील? सासूबाई म्हणतात लॉफ्टवर टाक.

लकडगंजचा भाऊ:
लॉफ्टवर नको ताई, आधीच भरलं असीन अन् आता टेका मधातून हलून राहिला. पलंगाच्या पेटीत टाका, खाली कडुनिंबाचा पाला. अन् रविवारी मिस्त्री आला की जुनं पार्टिशन काढायच्या आधी नवीन उभं करून घ्या, तेवढं जातीनं उभं राहून पाहा.