रिपोर्टात पी१६ पॉझिटिव्ह लिहिलं हाय, म्हंजे जीन खराब हाय का?

आर्वीची_सून
माह्या सासूबाईले गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. नागपूरहून बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात एचपीव्ही १६ आन खाली पी१६ पॉझिटिव्ह असं हाय. डॉक्टरनं 'व्हायरसमुळे झालं' एवढं सांगतलं आन पुढच्या पेशंटले आवाज देल्ला. घरी चुलतसासरे म्हणतात कॅन्सर जीनमधून येते, पोरीलेही होईन. नणंदेच्या सोयरिकीची बोलणी सुरू हायेत तं सारे टेन्शनमध्ये. व्हायरस जीन खराब करते का? पोरीत उतरते का?

झूलॉजीवाला_धामणगाव
ताई, आधी नणंदेचं. हा एचपीव्ही व्हायरस (१६ हा त्याचा एक प्रकार) गर्भाशयाच्या तोंडाच्या कातडीत बसते, बीजांडात नाई, त्याच्यानं हे पोरीत उतरत नाई. काकाजीले सांगा, बोलणी चालू ठेवा.

आता जीनचं. या कॅन्सरमध्ये पी५३ चा जीन बहुतेक वेळा धडधाकट असते, गोची पुढं हाय. पी५३ म्हंजे वावरातला जागल्या समजा, डीएनएत बिघाड दिसला का पेशीची वाढ थांबवणारे जीन चालू करते, नाई जमलं तं पेशीलेच मारते. व्हायरसचं ई६ प्रोटीन आपल्याच पेशीतल्या ई६एपी नावाच्या प्रोटीनले हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिनचा, म्हंजे 'हे तोडा' असा शिक्का मारते, मंग पेशीतली प्रोटीन तोडणारी मशीन ते तोडून टाकते. जीन जागेवर, प्रोटीन गायब, मंग त्याच्या हुकुमातले जीन बंदच राह्यतात.

व्हायरसचंच ई७ प्रोटीन दुसरं काम करते, आपल्या पेशीतल्या आरबी प्रोटीनले पकडते. आरबीनं ई२एफ नावाच्या, जीन चालू करणाऱ्या प्रोटीनले दाबून ठेवलं असते, ते ई२एफ सुटलं का डीएनएची कॉपी करणारे जीन धडाधड चालू. व्हायरसले काई कॅन्सर करायचा नसते बरं, त्याच्याजवळ कॉपी करायची स्वतःची मशीन नाई म्हणून थांबलेल्या पेशीले तो कामाले लावते.

आर्वीची_सून
मंग पी१६ काऊन वाढलं जी? ते चांगलं का वाईट?

स्लाइड_अन्_चहा
लॅबमध्ये हेच स्टेन करतो, म्हणून सांगतो. पी१६ पेशीचा वाढ रोखणारा प्रोटीनच आहे, पण तो आरबीच्या मार्फत काम करतो. ई७ नं आरबीच काढून घेतला की पेशी पी१६ बनवतच राहते आणि उपयोग शून्य. स्लाइडवर ती सगळी जागा गडद तपकिरी दिसते, त्यावरून ई७ आत काम करतोय हे कळतं. म्हणजे ती व्हायरसची खूण आहे, खानदानी दोषाची नाही.

आणि एचपीव्ही झाला म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही, बहुतेकींचं इन्फेक्शन दोनेक वर्षांत आपोआप जातं. ज्यांचं राहतं त्यांच्यात कधी व्हायरसचा डीएनए आपल्या डीएनएत घुसतो आणि त्या तोडफोडीत त्याचा ई२ जीन बऱ्याचदा तुटतो. ई२ चं काम ई६-ई७ ला आवर घालायचं, तो गेला की दोघंही मोकाट. हेला पेशींमध्ये (लॅबमध्ये कित्येक वर्षांपासून वाढवत आलेल्या याच कॅन्सरच्या पेशी), त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे, ई२ परत घातला तर पी५३ आणि आरबी जागे होतात आणि वाढ थांबते, इतक्या वर्षांनंतरही.

झूलॉजीवाला_धामणगाव
वा, हे हेलाचं पोरायले शिकवायले कामाचं हाय.

आर्वीची_सून
नणंद २२ ची हाय, लस आता चालते का?

स्लाइड_अन्_चहा
चालते. ९ ते १४ मध्ये घेतलेली सगळ्यात भारी, पण आपली भारतातली एचपीव्हीची लस सर्व्हाव्हॅक वयाच्या २६ पर्यंत देतात. आधीच शिरलेल्या व्हायरसवर मात्र लस काम करत नाही. तिशीनंतर तपासणी तिनंही करायची आणि तुम्हीही. सासूबाईंना लसीचा फायदा नाही, त्यांची ट्रीटमेंट मधेच सोडू नका, सोयाबीन काढणी आली तरी.