पॉडकास्ट ‘लावणे’ म्हणजे नेमकं काय? ‘सबस्क्राइब’साठी शब्द हवा आहे

नौपाडा_वाचक
आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी ज्येष्ठांना संगणक शिकवते. आठ जण येतात, त्यातले सर्वांत मोठे आजोबा ८१ वर्षांचे. सध्या पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून भागाभागाने येणारे ऐकायचे कार्यक्रम, शिकवते आहे. डोळ्यांमुळे वाचन सुटलेल्यांना याचा फार उपयोग होईल असं वाटलं, म्हणून एक पानी टिपण मराठीत लिहिलं आणि ‘सबस्क्राइब’च्या (नवे भाग आपोआप कळत राहावेत म्हणून एकदा सांगून ठेवण्याच्या) जागी ‘वर्गणीदार व्हा’ घातलं. आजोबांनी माऊसवरचा हात काढला. “वर्गणी किती? कार्डाचा नंबर मागणार असतील तर मी नाही.” फुकट आहे म्हटल्यावर म्हणाले, “मग वर्गणी कसली?”

पुढच्या शनिवारी ‘सदस्य व्हा’ करून नेलं. एक काकू गेली तीस वर्षं ग्रंथसंग्रहालयाच्या सभासद आहेत. त्यांनी विचारलं, “फॉर्म कुठे भरायचा? अनामत किती?”

शेवटी दुसऱ्या एका काकूंनीच सोडवलं. “अहो, पेपर लावतो तसा पॉडकास्ट लावायचा!” सगळ्यांना लगेच कळलं. मीही खूश. पण त्यानंतरच्या शनिवारी पाहिलं तर आठांपैकी चौघांनी एकेक भाग फक्त ऐकला होता, सबस्क्राइब केलेल्यांच्या यादीत काहीच नव्हतं. “लावला होता की!” म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पेपर लावतो, दूध लावतो, तसंच गाणंही लावतो आणि रेडिओही लावतो.

तर ‘एकदा ऐकण्यासाठी लावणे’ आणि ‘कायमचा लावणे’ यांत फरक करणारा, घरात बोलला जाणारा शब्द कोणता?

जुना_खिळेजुळारी
ताई, ‘वर्गणीदार’ सोडू नका, ही कळकळीची विनंती. मी मासिकांच्या छापखान्यात काम केलं आहे. वर्गणीदारांचे पत्ते वेगळे जुळवून ठेवलेले असायचे आणि शेवटच्या अंकात चिठ्ठी घालायची: ‘या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे.’ त्या चिठ्ठीवर उत्तर आलं नाही तर संपादकांना घरातलं कोणी रुसल्यासारखं वाटायचं. वर्गणी म्हणजे नुसते पैसे नव्हेत, त्यात बांधिलकी आहे. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही ‘खाली लिहिणे’ असा आहे, लॅटिनमधून आलेला. यादीखाली आपलं नाव लिहून द्यायचं. पैशाचा अर्थ मागाहून चिकटला.

सानपाडा_पूर्व
काका, मूळ काहीही असो, आज गणपती जवळ आले की दारात मुलं येतात ती वर्गणी मागायलाच. आजोबांच्या मनात तेच आलं. शब्दाचा अर्थ तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. सरळ ‘सबस्क्राइब करा’ ठेवा. नातवंडं यूट्यूबमुळे दिवसातून दहा वेळा ऐकवतात, आजी-आजोबांना तो शब्द नवा नाही.

नौपाडा_वाचक
शब्द नवा नाही, हे खरं. पण “सबस्क्राइब म्हणजे काय होतं?” असं विचारलं तर आठांपैकी सहा जणांनी सांगितलं, “त्या पोराला बरं वाटतं.” यंत्रात काय घडतं ते त्या शब्दातून पोचत नाही आणि इथे तेच पोचायला हवं.

घडतं ते असं. प्रत्येक पॉडकास्टची एक फीड असते, म्हणजे भागांची यादी असलेली साधी फाइल. नवा भाग आला की करणारा माणूस त्या यादीत एक नोंद वाढवतो आणि ध्वनिफाइल कुठे आहे तो पत्ता तिथे लिहितो. आम्ही जीपॉडर हे पॉडकास्टचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, विंडोजवर चालतं. त्यात फीडचा पत्ता एकदा चिकटवला की ते अधूनमधून यादी तपासतं आणि नवं काही असेल तर दाखवतं. पत्ता आपल्याच संगणकावर राहतो. नाव द्यायचं नाही, फॉर्म नाही. म्हणून ‘सदस्य’ हा शब्द मला चुकीचाच वाटू लागला आहे.

खारकर_आळी
शेजारच्या गुजराती काकांकडे गुजराती मासिक येतं. ते मासिकाच्या वर्गणीला ‘लवाजम’ म्हणतात! अरबी ‘लवाजिम’पासून, म्हणजे आवश्यक गोष्टी. आपल्याकडे त्याचाच ‘लवाजमा’ झाला आणि राजाच्या मागे चालू लागला. एकच शब्द, दोन भाषांत दोन संसार. नौपाडाताईंना याचा काही उपयोग नाही हे कळतं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

ऐरोलीकर
माझा शब्द: रतीब.

दुधाचा रतीब आपण रोज मागत नाही, एकदा सांगून ठेवतो. सकाळी दार उघडलं की पिशवी असते. नको असेल तेव्हा बंद करायला मात्र सांगावं लागतं, नाही तर साठत जातं. पॉडकास्टचं तंतोतंत हेच आहे. ‘रातिब’ अरबी, म्हणजे नेमून दिलेलं. ‘पॉडकास्टचा रतीब लावा.’ नुसतं ‘लावा’ म्हटलं की होणारा घोळ यात होत नाही, कारण गाण्याचा रतीब कोणी लावत नाही.

जुना_खिळेजुळारी
रतीब? ‘अमुक लेखकाने लेखांचा रतीब घातला’ हे आम्ही कशाला म्हणायचो ते विसरलात का? पाणी घातलेल्या लिखाणाला. चांगल्या पॉडकास्टवाल्याला हा शब्द लावणं मला जड जातं.

ऐरोलीकर
काका, रतीब ‘घालणे’ ही निंदा आहे, मान्य. रतीब ‘लावणे’ नाही. घालणारा वेगळा, लावणारा वेगळा. पेपरचंही तसंच आहे: घरवाले पेपर लावतात, पोरगा पेपर टाकतो. दोन बाजूंना दोन क्रियापदं द्यायची सोय मराठीने केलेली आहे, ती आपण वापरू या.

थोडं विषयांतर. २००५च्या जूनमध्ये ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टची सोय आली. ठाणे–वाशी लोकल सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी रात्री संगणक चालू ठेवून भाग इंटरनेटवरून उतरवायचो, सकाळी प्लेअरमध्ये ‘भरायचो’ आणि वाशीपर्यंत ऐकत जायचो. कॅसेट भरून घेतो तसं भरणं. हा शब्द आता मुलांना सांगावा लागतो.

बेलापूर_सेक्टर१५
नियमित, ठरलेल्या दिवशी, फुकट. या तिन्ही अटींत बसणारा शब्द आपल्याकडे आहेच: वार. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. साप्ताहिक पॉडकास्टही असाच आपापल्या वाराला येतो. ‘मी गुरुवारचा वार अमक्या पॉडकास्टकडे लावलाय.’ किती देखणं वाक्य आहे!

पाचपाखाडी
माझे वडील वार लावून शिकले. शनिवारचं घर मिळालं नव्हतं, म्हणून शनिवारी ते पाणी पिऊन अभ्यास करायचे. ते जिवंत होते तोवर आमच्या घरी जेवायची वेळ झाली की दारात आलेला कोणीही उपाशी परत गेला नाही. आपण चांगल्या मनाने सुचवलंत हे कळतं. पण हा शब्द एका बटणावर बसवू नये असं मनापासून वाटतं.

बेलापूर_सेक्टर१५
आपलं बरोबर आहे. सूचना मागे घेतो.

मराठीच_बोला
शब्दाला शब्द शोधायचा तर पूर्ण शोधा. ‘पॉडकास्ट’ हा शब्दच का ठेवायचा? सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसले होते. आज तुम्ही अर्जावर ‘दिनांक’च लिहिता. ‘श्राव्यमाला’ म्हणा आणि सबस्क्राइबला ‘अनुबंध’. दहा वर्षं वापरा, रुळेल.

सानपाडा_पूर्व
दिनांक रुळला, नभोवाणी नाही रुळली. आजी आजही रेडिओच लावते. जे रुळले ते सरकारी कागदावर रोज छापले गेले म्हणून रुळले. पॉडकास्टला अर्ज लागत नाही.

मराठीच_बोला
म्हणून प्रयत्नच करायचा नाही? ‘चित्रपट’ कोणत्या सरकारी अर्जावर होता?

घणसोली_गाव
मूळ प्रश्न बाजूला पडतोय, तरी एक सांगतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रात बेन हॅमर्स्लीच्या लेखात पहिल्यांदा आला, आयपॉड (ॲपलचा खिशातला प्लेअर) आणि ब्रॉडकास्ट मिळून. आणि ‘ब्रॉडकास्ट’ हा मुळात शेतीतला शब्द, बी हाताने चौफेर विखरायचं. आपण त्याला बी फोकणे म्हणतो. इथे भातशेती होती तेव्हा माझी आजी राबावर बी फोकायची. मनगटाची एक फेक आणि वाफाभर सारखं बी. रेडिओ म्हणजे फोकणं, हे मला पटतं. पण सबस्क्राइब केलेला पॉडकास्ट फोकलेला नसतो. तो ज्याने मागितला त्याच्याच दारात पडतो. म्हणून नावातच गफलत आहे आणि ऐरोलीकरांचा रतीब मला जवळचा वाटतो.

खारकर_आळी
एक विचारू? नवा पॉडकास्ट, नवी पॉडकास्ट की नवं पॉडकास्ट? वर सगळे ‘तो’ म्हणताहेत. आमच्या घरी ‘ते’ आहे.

सानपाडा_पूर्व
तो. कार्यक्रम तो, म्हणून.

पाचपाखाडी
ती. मालिका ती, आणि भागही मालिकेसारखेच येतात.

खारकर_आळी
ब्रॉडकास्ट ते, प्रक्षेपण ते, मग पॉडकास्ट तो कसा? बस ती, ट्रक तो, विमान ते. वाहन सगळ्यांचंच नपुंसक आहे, तरी बस काही ‘ते बस’ झाली नाही. नियम कुठला?

मराठीच_बोला
‘श्राव्यमाला’ म्हणा, प्रश्नच मिटतो. ती.

ऐरोलीकर
लिंगाच्या आधी एक महत्त्वाचं. इंग्रजीतही याच जागी लोक अडखळले. २०२१मध्ये ॲपलने आपल्या पॉडकास्ट ॲपमधलं ‘सबस्क्राइब’ बटण काढून ‘फॉलो’ केलं, कारण त्याच वेळी पैसे भरून घ्यायच्या मालिका सुरू झाल्या. तेव्हापासून तिथे ‘सबस्क्राइब’ म्हणजे पैसे. आजोबांना जी शंका आली, तीच बटणाने मान्य केली. त्यांना जरूर सांगा.

जुना_खिळेजुळारी
मग तर ‘वर्गणीदार’ त्या पैसेवाल्यांसाठी राखून ठेवा. फुकटवाल्यांना रतीब. मला एवढं चालेल. पण ‘फॉलो’ला ‘अनुसरण’ लिहू नका, संतांचं अनुसरण करतात.

नौपाडा_वाचक
सर्वांचे आभार. पाचपाखाडीकर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही.

काल टिपणात ‘रतीब लावा’ लिहून नेलं. आठही जणांच्या यादीत पॉडकास्ट दिसले. ८१ वर्षांच्या आजोबांनी तर तीन लावले. ॲपलची गोष्ट सांगितल्यावर म्हणाले, “मी विचारलं ते चुकीचं नव्हतं म्हणजे.”

पण आता दुसरी अडचण आली आहे. जे आवडले नाहीत ते ‘बंद करा’ असं मी लिहिलं होतं. दोघांनी चालू असलेला भाग थांबवला आणि रतीब बंद झाला असं समजून निघून गेले. मीच त्यांना नवे भाग आपोआप उतरवायची खूण करून दिली होती. एका मिनिटाला साधारण एक एमबी, तासाभराचा भाग म्हणजे साठेक. एकाचा संगणक जुना, डिस्कवर जागा आधीच कमी, आठवड्यात भरली. उतरवलेले भाग पुसणं वेगळं आणि रतीब काढणं वेगळं, हे समजावताना मी पुन्हा त्याच जागी येऊन अडकले. रेडिओ बंद करतो, दूधही बंद करतो. शिकवणी सोडतो. खानावळ मोडतो का? तुमच्याकडे लावलेला रतीब काढून टाकायला काय म्हणतात?

खारकर_आळी
आमच्याकडे दूधवाल्याला ‘उद्यापासून नको’ एवढंच सांगतात. आणि ‘तीन लावले’ म्हणजे तुम्हीही ‘तो’ धरलात.