मदत हवी आहे: एनबीएत ब्रन्सनला चारच वर्षं का मिळाली?

मंडळी, एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) करारांचे नियम कळणारं कोणी आहे का इथे? भाच्याशी वाद चालू आहे आणि तो दर वेळी कॅल्क्युलेटर काढून मला गप्प करतो.

जेलन ब्रन्सनने जुलै 2024 मध्ये आपल्या संघाशी, न्यूयॉर्क निक्सशी, कराराची 4 वर्षांची मुदतवाढ केली, 15.65 कोटी डॉलरची. वर्षभर थांबला असता तर त्याच निक्सकडून 5 वर्षांचे सुमारे 26.9 कोटी मिळू शकले असते. भाचा म्हणतो, 11 कोटी पाण्यात गेले. संघ तोच, खेळाडू तोच, मग यंदा 4 वर्षं आणि पुढच्या वर्षी 5, हे कसं? निक्सने हात आखडता घेतला की नियमच आडवा आला?

प्रतिसाद १
नियमच. मुदतवाढ करताना चालू कराराची उरलेली वर्षंही मोजतात आणि एकूण 5 च्या वर जाता येत नाही. त्याचं 2024-25 बाकी होतं (2025-26 मध्ये जुनाच करार चालू ठेवायचा पर्याय त्याने सोडला), म्हणून नवीन 4. करार संपवून मोकळा झाला असता तर स्वतःच्या संघाकडून पूर्ण 5 मिळाली असती. दुसऱ्या संघाला मात्र 4 च देता येतात.

पगाराचं म्हणाल तर मुदतवाढीत पहिल्या वर्षाला जुन्या पगाराच्या 140 टक्क्यांची मर्यादा. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2023 च्या कामगार करारापूर्वी ती 120 होती. ब्रन्सनचा पगार जेमतेम अडीच कोटी, त्यामुळे साडेतीन कोटींपासून सुरुवात. पुढे दरवर्षी 8 टक्के, तेही पहिल्या वर्षाच्या आकड्यावर, चक्रवाढ नाही. थांबला असता तर सुरुवातच 4.64 कोटींची.

भाच्याला सांगा, 4 वर्षांची रक्कम 5 वर्षांच्या रकमेशी ताडून बघायची नसते. पहिली 4 च धरली तर फरक साधारण 5 कोटींचा.

धागाकर्ता
धन्यवाद! पण 5 कोटी तरी का सोडायचे?

प्रतिसाद २
दुखापत झाली असती तर? शिवाय 2028-29 हे वर्ष त्याच्या मर्जीवर आहे, म्हणजे 2028 मध्ये तो करार सोडून नवा करू शकतो. 2028 मध्ये लीगमधली 10 वर्षं पूर्ण होतात आणि कमाल पगार संघाच्या पगारमर्यादेच्या 30 वरून 35 टक्क्यांवर जातो. लुका डॉन्चिच या खेळाडूनेही 2025 मध्ये लेकर्स संघाशी 3 च वर्षांची मुदतवाढ केली, शेवटचं वर्ष मर्जीचं. दोघेही 2018 च्या ड्राफ्टचे (लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीचे), बघा जुळतंय का.