गरी टाकून घर चालतं का?

भाट्येकर

माझ्या भाच्याने लोट्याच्या एका कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली. वय २६, लग्न व्हायचंय. आता म्हणे पूर्णवेळ गरवणार, स्पर्धा खेळणार आणि त्यावरच जगणार. बहिणीचे रोज फोन येतात, म्हणून हा धागा. त्याच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. भाट्याच्या खाडीवर गरी घेऊन बसण्यातच माझंही लहानपण गेलं. मी बोलतोय ते फक्त पैशाबद्दल.

आपल्याकडच्या स्पर्धेचं गणित बघा. समजा शंभर जणांनी दीड-दीड हजार भरले. जमले दीड लाख. पहिलं बक्षीस पन्नास हजार, दुसरं पंचवीस, तिसरं पंधरा. उरलेल्या साठात मांडव, स्पीकर, टी-शर्ट, नाश्ता, ढाली आणि पाहुण्यांची शाल. म्हणजे जिंकणाऱ्याच्या खिशात जातात ते हरणाऱ्यांचेच पैसे, तेही मांडववाल्याचं भागवून. बाहेरून दमडी येत नाही. एखादा कधीमधी जिंकेल, पण शंभर जण मिळून कायम तोट्यातच राहणार.

त्यात नशीब. स्पर्धेची तारीख भरती-ओहोटी बघून ठरत नाही, पाहुण्यांची सवड बघून ठरते. रविवार, भांगाचं पाणी, सकाळी दहाला नारळ फोडणार. पाणी जागचं हलत नसतं. जिताड्यासाठी चार तास ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, मारून खांदे दुखवून घेतलेला कोरडा परततो, आणि कोळंबी लावून गप्प बसलेल्या कुणाच्या तरी गरीला चार किलोचा शिंगाळा लागतो. तोच पहिला. नियमाने बरोबर आहे, वजन जास्त भरलं. पण याच्या भरवशावर बाइकचा हप्ता भरायचा कसा?

खर्च मात्र नशिबावर नसतो. बरा रॉड आणि बरं रीळ पंधरा-वीस हजार. शिमानोचं स्टेला घ्यायला गेलात तर तेवढ्यात स्कूटर येते. खाऱ्या पाण्याने बेअरिंग जातात, त्याची सर्व्हिसिंग वेगळी. आणि कालवांनी भरलेला कातळ! ब्रेडेड दोरी त्यावर नुसती घासली तरी कापली जाते आणि सहाशे-आठशेचा ल्युअर खाडीला वाहिला. एका सकाळी असे तीन गेले की मासा लागला तरी बाजारातून विकत आणलेला स्वस्त.

माझं मत: स्पर्धेच्या बक्षिसावर कोकणात कुणाचंही घर चालणार नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही. पटत नसेल तर या, पण आकडे घेऊन या.

जिताडा_जिगर

काका, तुम्ही आजची स्पर्धा बघून पुढच्या दहा वर्षांचं भविष्य सांगताय. २०१४ च्या आधी कबड्डीवाल्याची काय गत होती? रेल्वेत किंवा बँकेत खेळाडू कोट्यातून चिकटला तर नशीब. मग प्रो कबड्डी आली आणि लिलावात लाखांच्या बोली लागल्या. टेनिस बॉलवर क्रिकेट खेळणाऱ्यांना आपल्याच गावात 'टपोरी' म्हणायचे. २०२४ मध्ये आयएसपीएल ही टेनिस बॉल क्रिकेटची लीग सुरू झाली आणि तीच पोरं टीव्हीवर दिसली.

आकडे पाहिजेत ना? अमेरिकेत केविन व्हॅनडॅमने बास मासा गरवण्याच्या स्पर्धांत नुसत्या बक्षिसांचे ६० लाख डॉलरच्या वर मिळवले. चार वेळा बासमास्टर क्लासिक, म्हणजे तिथली सगळ्यात मानाची स्पर्धा, जिंकला. ते नको असेल तर ताकाहिरो ओमोरी घ्या. १९९२ मध्ये जपानहून अमेरिकेला गेला. ना पैसा ना ओळख, सुरुवातीला गाडीतच झोपायचा. २००४ चं क्लासिक त्याने जिंकलं, दोन लाख डॉलर. त्याच्याही मामाने जपानात असाच धागा काढला असता.

भाट्येकर

१९९२ ते २००४. बारा वर्षं. बहिणीला सांगू का, बारा वर्षं थांब म्हणून?

कबड्डीचं उदाहरण इथे लागू नाही. कबड्डीपटूला संघ विकत घेतो, तो स्वतः खेळायची फी भरत नाही. तिथला पैसा टीव्हीवर बघणाऱ्यांमुळे येतो. मासा लागेपर्यंतचे तीन तास कोण बघत बसणार? त्याची आई?

नॉक्सव्हिलचा_आबा

बघतात. मीच बघितलंय.

मी मूळचा राजापूरचा, आता टेनेसीत नॉक्सव्हिलला असतो. २०२३ चं क्लासिक इथेच झालं. बास्केटबॉलच्या भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये वजनं करतात. ट्रकला जोडलेल्या बोटी एकेक करून आत येतात, बोटीत अँगलर म्हणजे गरवणारा, लोक गणपती आल्यासारखे ओरडतात. मासे जिवंत ठेवायचे, पाण्याच्या पिशवीतून काट्यापर्यंत न्यायचे, नंतर सोडून द्यायचे. मेलेल्या माशाला वजनात दंड. जेफ गुस्टाफसन नावाचा कॅनडाचा माणूस जिंकला. तीन लाख डॉलर.

तिकीट किती? फुकट. मला कळेना की मग हे तीन लाख येतात कुठून. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेलो तेव्हा उजेड पडला. बोटी, इंजिनं, सोनार, रॉड, गॉगल, पिकअप ट्रक. जत्राच, आणि तिथे लोक पाकीट उघडत होते. म्हणजे जिगरभाऊ म्हणतात तसा पैसा आहे, पण तो मासा धरल्याबद्दल मिळत नाही. वस्तू विकून दिल्याबद्दल मिळतो.

आता वरच्या थराचा हिशोब. एलिट सीरिज, म्हणजे बासमास्टरचीच वरच्या दर्जाची हंगामभराची मालिका, तीत साधारण शंभर अँगलर. एका हंगामाची प्रवेश फी कित्येक वर्षं ४० हजार डॉलरच्या वर राहिली आहे. आपले ३० लाखांहून जास्त, आणि ते स्वतःच्या खिशातून किंवा स्पॉन्सरच्या. एका स्पर्धेचं पहिलं बक्षीस एक लाख डॉलर, पण चेक मिळतो तो साधारण वरच्या निम्म्यांनाच. वीस-एकवीस फुटी बोट, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन, किंमत ८० हजार डॉलरपासून पुढे. वर पेट्रोल, मोटेल, सरावाचे दिवस. बरेच जण कंपनीकडून बोट सवलतीत घेतात, हंगाम संपला की विकतात आणि नवी घेतात. खूप जणांच्या बायका नोकरी करतात, आरोग्य विमा तिथून येतो.

भाट्येकर, तुमच्याही मुद्द्यात एक भोक आहे. २०१९ मध्ये बास प्रो टूर ही दुसरी स्पर्धामालिका सुरू झाली तेव्हा तिथे प्रवेश फीच नव्हती, व्हॅनडॅमसकट मोठी नावं तिकडे गेली. म्हणजे खेळाडूंच्या पैशांवर न चालणारी स्पर्धा होऊ शकते. जागा मात्र ८० होत्या, अख्ख्या देशातून. आणि नशिबाचं म्हणाल तर क्लासिक आणि एलिटमध्ये एका माशावर निकाल नसतो. रोजचे सर्वात जड पाच मासे, तीन-चार दिवसांची बेरीज. शिंगाळा एकदा साथ देईल, चार दिवस नाही देणार.

वेलदूरचा_बंड्या

तिकडेच ओहायोत २०२२ मध्ये दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते ना? बक्षीस २९ हजार डॉलरच्या आसपास. सगळ्यांसमोर पोट फाडलं तेव्हा गोळे बाहेर. दहा दिवस तुरुंग आणि बोट जप्त. आपल्याकडे शिसं कशाला, पोटात बर्फ भरला की झालं. विरघळला की पुरावाही नाही.

सौ_गुहागर

आबांनी अमेरिकेतल्या बायकांची नोकरी एका ओळीत उरकली. मी त्या ओळीतलीच, फक्त विमा नाही.

माझे मिस्टर गरवतात. मागे एक स्पर्धा जिंकले. ढाल टीव्हीच्या वर आहे. बक्षीस अकरा हजार. आदल्या रात्री मुक्काम, गाडीचं पेट्रोल, सोबत गेलेल्या दोघा मित्रांचं जेवण, जिंकल्यावर सगळ्यांना पार्टी. मी वहीत लिहून ठेवते, म्हणून सांगते, त्या दिवसाचे हातात राहिले ते दोन हजारांच्या आत. आणि हा जिंकलेला दिवस.

फ्रीजरमध्ये मुलांच्या कुल्फीशेजारी बांगड्याचे तुकडे आणि कोळंबी. बाथरूमच्या बादलीत रीळ भिजत घातलेलं, अंघोळीला आधी ते काढा. घर चालतं ते माझ्या डब्यांवर आणि त्यांच्या दुकानावर. मी एकच अट घातली, गरीचं खातं वेगळं. त्यात असतील तेवढे उडवा. दुकान बंद करायचं नाव काढलं तर रॉड माळ्यावर.

जिताडा_जिगर

ताई, त्यांना स्पॉन्सर मिळाला तर चित्र बदलेल. टॅकलची दुकानं आता पोरांना स्पॉन्सर करतात.

सौ_गुहागर

मिळालाय ना. एक टी-शर्ट आणि खरेदीवर दहा टक्के सूट. सूट घ्यायची म्हणून जास्त खरेदी होते. टी-शर्टावर नाव दुकानाचं, धुवायचा मी.

देवबागचो_होडयेकार

भाट्येकरानु, तुमचो हिशोब बरोबर आसा, पण अर्धोच आसा. स्पर्धा ही जाहिरात. माझो पुतण्यो एकदा तांबोशी धरून पयलो इलो, पेपरात फोटो इलो, आणि त्या सीझनाक कोल्हापूर-बेळगावची गिऱ्हायका त्याका सोदीत इली. बक्षिसाचे पैशे पेट्रोलात गेले, गिऱ्हायका रवली. आता तो रोड-रीळ भाड्यान देता, पावण्यांका खाडीत फिरवता, रातीक घराकडे जेवणाची सोय. ह्या जमता. बक्षिसावर रवलो असतो तर उपाशी मेलो असतो.

पण एक गोष्ट कोण सांगणा नाय. मासेमारीच्या होडयेर पावणे बसवक चलत नाय. मेरीटाइम बोर्डाचो प्रवासी परवानो वेगळो, होडयेचो सर्व्हे वेगळो, लाइफ जाकीट व्हयी, इमो व्हयो. आमच्या मालवणाक १९८७ पासून सागरी अभयारण्य आसा, खयच्या पाण्यात गरी टाकूची आणि खयच्या नाय ता ठावक नसला तर गोत्यात येशात. जून-जुलै बंदीत होडी वर ओढलेली. उरलेल्या म्हयन्यांतले वाऱ्याचे दिस वगळा, मगे बोला.

भाट्येकर

होडयेकार, तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. हा पर्यटनाचा धंदा झाला. त्यात सकाळी पाचला उठून पाहुण्याच्या गरीला आमिष लावायचं, त्याची गुंतलेली दोरी सोडवायची, मासा लागला की फोटो काढायचा. पोरांना हे नको असतं. त्यांना व्हॅनडॅम व्हायचं असतं.

चिपळूणचा_सीए

थोडं माझ्या खात्यातलं. बक्षीस रोख मिळो की स्कूटरच्या रूपाने, ते करपात्र उत्पन्नच. खर्च वजा करायचा असेल तर तो खरोखर व्यवसाय आहे हे दाखवावं लागतं: नोंदी, बिलं, नियमित उत्पन्न. छंदाच्या रिळाची पावती घेऊन माझ्याकडे येऊ नका. आणि बँकेत कर्जाला गेलात तर मागच्या वर्षांची विवरणपत्रं मागतात, ढाल नाही. गाइडचा धंदा परवान्यासकट असेल तर फाइल उभी राहते, नुसत्या स्पर्धांवर नाही.

हर्णेचा_दादू

आमच्याकडे डिझेल परतावा थकतो, बर्फ महाग, खलाशी मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे आम्ही, आमचंच भागत नाही. आणि हे एक मासा धरून कोट्यधीश होणार?

जिताडा_जिगर

दादू, तुम्ही मासा किलोवर विकता. आम्हाला तो किलोवर विकायचाच नाही. पाहुणा एक जिताडा धरायला दिवसाचे पाच हजार देतो आणि मासा सोडूनही देतो. त्याच जिताड्यासाठी उद्या दुसरा पाहुणा येईल.

भाट्येकर काकांना एवढंच सांगतो, बक्षिसावर जगणार असं मीही म्हणत नाही. पण स्पर्धा बंद करा असं म्हणू नका, त्या नीट करा. तारीख भरतीचं कोष्टक बघून ठरवा. एका माशाच्या वजनावर निकाल नको, तीन माशांच्या लांबीची बेरीज धरा, पट्टीवर फोटो काढा आणि मासा सोडा. मग पोटात ना शिसं जाईल ना बर्फ. आणि फी खेळणाऱ्यांकडून घेण्याआधी हॉटेलवाल्यांकडे, टॅकलच्या दुकानांकडे जा. शंभर जण दोन रात्री राहतात, जेवतात, दोऱ्या-गऱ्या घेतात. त्यांच्या गल्ल्यात पडणाऱ्यातले चार पैसे बक्षिसात का नकोत?

भाट्येकर

हे पटण्यासारखं आहे. पण हॉटेलवाला म्हणेल, सीझनला माझ्या खोल्या तशाही भरलेल्या असतात. पावसाळ्यात स्पर्धा घ्या, मग बोलू. आणि पावसाळ्यात कातळावर पोरं उभी करायची जबाबदारी मी घेणार नाही, दरवर्षी कुणीतरी लाटेबरोबर जातोच.

देवबागचो_होडयेकार

नवरात्र झाल्यावर घेवा. पाणी निवळता, वारो कमी, आणि दिवाळीची गर्दी सुरू होवक टायम आसता. तेव्हा हाटेलवालो पण आयकतलो.

हर्णेचा_दादू

ते सगळं ठीक. पण सगळे मासे मापून सोडणार असाल तर स्पर्धेला आलेल्या शंभर जणांच्या ताटात काय वाढणार?

जिताडा_जिगर

तुमच्या होडीवरचा बांगडा. दर सांगा, आगाऊ रोख देतो.